पोटखराबा : माळढोकाची दोनशे वर्षं

ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं पडतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे या भागाचं शब्दांकन देतोय. बोलताना घसरलेली वाक्यं सरळ केली आहेत, बाकी जसंच्या तसं.

आजची गोष्ट एका शिवीपासून सुरू होते. माझा मामा मोहोळ तालुक्यातला. गावाचं नाव राहू दे. मी लहान असताना त्या गावात 'माळढोक' ही शिवी होती. कुणी कामात खोडा घातला की मामा म्हणायचा, "आला बघ माळढोक." दहा-बारा वर्षांचा होईपर्यंत हा पक्षी आहे हे मला माहीतच नव्हतं. मला वाटायचं, सर्कल किंवा तलाठ्यासारखा कुणी सरकारी माणूस असणार. झालं होतं असं की मामाला थोरलीच्या लग्नासाठी दोन एकर विकायची होती. गिऱ्हाईक ठरलं, इसारही झाला. मग कचेरीत त्याला सांगितलं, हा गट माळढोक अभयारण्यात येतो, व्यवहार होणार नाही. मामा म्हणाला, कसलं अभयारण्य? माझ्या बापजाद्यांचं रान आहे ते. लग्न शेवटी सावकाराच्या पैशावर झालं, आणि ते फिटायला आठ वर्षं लागली.

त्यामुळे पुढे कॉलेजात असताना 'माळढोक वाचवा' असं पोस्टर पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा माझ्या मनात आधी मामाचा चेहरा आला. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मी कुठून बोलतोय ते तुम्हाला कळेल.

आता पक्षी. माळढोक उभा राहिला की साधारण मीटरभर उंच. नर १५ किलोपर्यंत भरतो. जगातल्या सर्वांत जड उडणाऱ्या पक्ष्यांपैकी हा एक. राजस्थानात त्याला गोडावण म्हणतात, गुजरातेत घोराड, मध्य प्रदेशात सोनचिरैया. विणीच्या दिवसांत नर गळ्याची पिशवी फुगवून असा घुमतो की आवाज अर्ध्या किलोमीटरवर ऐकू जातो. उत्तरेत काही ठिकाणी त्याला गगनभेर म्हणायचे ते त्यावरूनच. मादी उघड्या जमिनीवर अंडं घालते, बहुतेक वेळा एकच. ना घरटं, ना आडोसा. पुढचं सगळं समजायला हे एक अंडं लक्षात ठेवा.

एकेकाळी हा पक्षी पंजाबपासून तमिळनाडूपर्यंत होता. बाबराने आपल्या आठवणींत 'खरचाल' नावाच्या पक्ष्याचं कौतुक केलंय. अभ्यासक त्याला माळढोकच मानतात. कौतुक कशाचं, तर चवीचं. इतर पक्ष्यांची तंगडी चांगली असते नाहीतर छाती, याचं मात्र सगळंच चांगलं लागतं, अशा अर्थाचं तो लिहितो.

आपल्याकडची नोंद याहून थेट आहे. रॉबर्ट मॅन्सफील्ड नावाच्या एका इंग्रजाने १८०९ ते १८२९ या काळात अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, परिसरात ९६१ माळढोक मारले. एकट्याने. मी कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. वर्षाला ४८ पडतात. वीस वर्षं, जवळजवळ दर आठवड्याला एक. हा आकडा सांगितला की लोक मॅन्सफील्डला शिव्या देतात, आणि द्याव्यातही. पण मला त्यात दुसरंच काहीतरी दिसतं. एक माणूस वीस वर्षं मारत राहतो आणि तरी एकविसाव्या वर्षी मारायला पक्षी उरलेले असतात, म्हणजे ते माळ केवढे भरलेले असतील! बंदुकीने तो संपला नाही. पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर जीप आल्या, माळावर पाठलाग सोपा झाला आणि शिकारीने खरंच कंबरडं मोडलं. पण त्याच्या आधी एक गोष्ट घडून गेली होती. तिला आवाज नव्हता, त्यामुळे शिकारीच्या पुस्तकांत ती सापडत नाही.

ती घडली इंदापुरात. १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यापासून मुंबई इलाख्यातली नवी जमीनमोजणी सुरू केली. आपला आजचा सातबारा ज्या परंपरेतून आलाय, तिची मुळं त्या मोजणीत आहेत. पद्धत हुशारीची होती, आधीच्या सारावसुलीपेक्षा शेतकऱ्याला पुष्कळ बरी होती, हेही मान्य करायला हवं. प्रत्येक शेताची प्रत ठरवायची, खोली पाहायची, रंग पाहायचा आणि त्याप्रमाणे सारा बसवायचा. पण अशा मोजणीत ज्या जमिनीतून सारा येत नाही तिला काय म्हणायचं? पडीक. आणि शेताच्या पोटात जो तुकडा पेरता येत नाही तो पोटखराबा. आजही तुमच्या सातबाऱ्यावर तो रकाना आहे, काढून बघा.

म्हणजे कागदावर माळ हा माळ राहिलाच नाही, तो 'काहीतरी व्हायचं राहिलेली जमीन' झाला. धनगराला विचाराल तर तो सांगेल, इथे पवन्या उगवतो, तिथे मारवेल, पलीकडे नुसती कुसळी, आणि मेंढरं कुठल्या महिन्यात कुठे न्यायची. पण धनगराकडे मोजणीदाराची साखळी नव्हती.

शहाण्या लोकांनीही पुढे हेच धरलं, की दख्खनचे माळ म्हणजे मूळचं जंगल, माणसाने तोडून तोडून उजाड केलेलं. मलाही शाळेत असंच शिकवलं होतं. २०२५ मध्ये आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या संशोधकांचा एक सुंदर निबंध आला. त्यांनी काय केलं, तर तेराव्या शतकापासूनचं जुनं मराठी वाङ्मय घेतलं, संतांच्या कथा, ओव्या, दैवतांच्या उत्पत्तीच्या गोष्टी, आणि त्यांत कुठल्या गावाजवळ कुठल्या झाडाझुडपाचा उल्लेख आहे ते टिपून काढलं. त्या रानवनस्पतींतल्या जवळपास दोन तृतीयांश निघाल्या उघड्या माळाच्या. दाट जंगलात त्या वाढूच शकत नाहीत. म्हणजे साडेसातशे वर्षांपूर्वीही हा माळ माळच होता. मला याची फार गंमत वाटते. जो पुरावा वेधशाळेत नव्हता, तो आजीच्या पोथीत होता.

पण हे कळलं २०२५ साली. दरम्यान आपण काय काय करून बसलो, ते ऐका.

स्वातंत्र्यानंतर राष्ट्रीय पक्षी ठरवायची वेळ आली तेव्हा सलीम अलींनी माळढोकाची बाजू लावून धरली. मान मिळाला मोराला, १९६३ मध्ये. किस्सा असा सांगतात की माळढोकाचं इंग्रजी नाव 'बस्टर्ड', त्याच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर चुकलं तर भलताच अनर्थ, ही एक भीती होती. हसायला येतं, पण राष्ट्रीय पक्षी झाला असता तर माळाकडे कुणाचं तरी लक्ष गेलं असतं, असं मला अजून वाटतं. १९६९ च्या सुमारास देशात साधारण १,२६० माळढोक उरल्याचा अंदाज होता. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला पहिल्या अनुसूचीत घातलं, म्हणजे वाघाच्या पंक्तीला बसवलं. ऐंशीच्या दशकात बीएनएचएसच्या असद रहमानींच्या चमूने देशात ठिकठिकाणी तळ ठोकून या पक्ष्याचा अभ्यास केला. त्यातलं एक ठिकाण सोलापूर-बार्शी रस्त्यावरचं आपलं नान्नज.

१९७९ मध्ये महाराष्ट्राने माळढोक अभयारण्य जाहीर केलं. क्षेत्रफळ ८,४९६ चौरस किलोमीटर! अख्खा कोल्हापूर जिल्हासुद्धा याच्यापेक्षा लहान आहे. उत्तर सोलापूर, मोहोळ, माढा, करमाळा, तिकडे कर्जत, श्रीगोंदा, नेवासा. गावं, पेठा, उभी पिकं, सगळं आत. कागदावर देशातल्या मोठ्यात मोठ्या अभयारण्यांपैकी एक, आणि प्रत्यक्षात त्यातला जेमतेम थोडासा भाग वनखात्याच्या ताब्यात. म्हणजे पक्ष्याला संरक्षण मिळालं नाही आणि माझ्या मामाला मात्र जमीन विकता येईना. पक्ष्याशी वैर नसलेल्या हजारो लोकांना एका फटक्यात त्याचं वैरी करून ठेवणारा निर्णय, याहून नेमका कुणाला जमला नसता. पुढे वर्षानुवर्षं समित्या आणि कोर्टकचेऱ्या होऊन हद्द सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आली. तोवर 'माळढोक' ही शिवी झालेली होती.

मध्य प्रदेशात करेऱ्याला वेगळं काय झालं? १९८१ मध्ये अभयारण्य झालं, तिथेही जमिनींचा तोच तिढा, काळवीट वाढून पिकं खायला लागले, लोक चिडले. नव्वदच्या दशकात तिथला माळढोक संपला. अभयारण्य राहिलं, पक्षी गेला.

आणि इकडे पाणी आलं. भीमेवर उजनी धरण झालं, १९८० मध्ये ते पूर्ण झालं, कालवे आले आणि त्यांच्यामागे ऊस. ज्या सोलापूरला १९७२ च्या दुष्काळात माणसं खडी फोडत होती, तोच जिल्हा साखर कारखान्यांच्या संख्येत राज्यात पुढे गेला. नान्नजच्या आसपास द्राक्षबागा उभ्या राहिल्या. ज्याच्या घरी दुष्काळ पाहिलाय त्याला मी कुठल्या तोंडाने सांगू, की ऊस लावू नकोस? मामाच्या घरात उसाच्या पहिल्या बिलातून फ्रीज आला तेव्हा मी तिथेच होतो, त्या थंड पाण्याची चव माझ्या लक्षात आहे. पण माळढोकाला उसात शिरता येत नाही. त्याला चारी बाजूंना दूरवर दिसायला लागतं. धोका दिसला तरच ते एक अंडं वाचतं.

जो माळ पाण्यापासून वाचला तिथे झाडं आली. हे सगळ्यात विचित्र. पर्यावरणाचं काम म्हणून, शाळेच्या पोरांना रांगेत उभं करून, आपण माळावर खड्डे घेतले. गिरिपुष्प, सुबाभूळ, निलगिरी. मीसुद्धा एनएसएसच्या शिबिरात असे खड्डे खणलेत, हाताला फोड येईपर्यंत. गवतावरची खोकडं, धाविक, चंडोल, लांडगे यांच्या घरात आम्ही जंगल नावाचं अतिक्रमण करत होतो आणि वर प्रमाणपत्र घेत होतो. त्यात गवताची मुळं जमिनीत खोल कार्बन धरून ठेवतात, हे तेव्हा आमच्या गावीही नव्हतं. 'पडीक' शब्दाची ताकद ही एवढी. इंग्रज गेला, शब्द राहिला. या देशात आजही पडीक जमिनींचा राष्ट्रीय नकाशासंग्रह निघतो, आणि गवताळ, झुडपी जमिनीचे मोठे पट्टे त्यात धरलेले असतात.

नान्नजला गेल्या दशकात माळढोक एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उतरले, आणि दशक संपता संपता एक-दोन. हल्ली अधूनमधून एखादी मादी दिसल्याची बातमी येते. कच्छमध्येही उरल्यात त्या माद्याच, नर नाही. देशभरात आता जंगलातले, म्हणजे माळावरचे, साधारण दीडशे. बहुतेक सगळे जैसलमेरच्या थरात.

आणि गोष्टीचं शेवटचं वळण तिथलंच आहे.

हवामान बदलतंय, कोळसा कमी करायला हवा, याबद्दल आता वाद नाही. २०३० पर्यंत ५०० गिगावॅट वीज कोळसा-तेलाशिवाय उभी करायची असं भारताने ठरवलंय. सूर्य आणि वारा दोन्ही भरपूर, आणि जमीन 'रिकामी', असं ठिकाण कुठलं? थर आणि कच्छ. नेमकी तीच जागा. सौरपट्ट्यांपेक्षाही मोठा प्रश्न आहे तो वीज वाहून नेणाऱ्या तारांचा. माळढोकाचे डोळे डोक्याच्या बाजूला असतात. उडताना तो खाली जमीन न्याहाळतो तेव्हा समोरचं त्याला जवळजवळ दिसतच नाही. लाखो वर्षं माळावर समोर आडवं काही नव्हतंच, मग कशाला दिसायला हवं? आणि तार दिसली तरी १५ किलोचं विमान ऐनवेळी वळत नाही. भारतीय वन्यजीव संस्थेच्या अभ्यासाचा अंदाज होता, की एकट्या थरात तारांना धडकून वर्षाला साधारण १८ माळढोक मरतात. दीडशेतले अठरा. आणि मादी घालते ते एक अंडं.

२०१९ मध्ये एम. के. रणजितसिंह सुप्रीम कोर्टात गेले. हे गृहस्थ कोण, तर १९७२ चा वन्यजीव कायदा लिहिण्यात ज्यांचा मोठा हात होता ते. स्वतः घडवलेल्या कायद्यातला पहिल्या अनुसूचीचा पक्षी वाचावा म्हणून त्यांना वयाच्या ऐंशीत कोर्टाची पायरी चढावी लागली. १९ एप्रिल २०२१ ला कोर्टाने सांगितलं, माळढोकाच्या क्षेत्रातल्या तारा जमिनीखाली घाला, जिथे शक्य नाही तिथे पक्ष्यांना दिसतील अशा चकत्या लावा. क्षेत्र होतं जवळपास ९९,००० चौरस किलोमीटर. सरकार परत गेलं. इतक्या जास्त दाबाच्या तारा इतक्या अंतरावर जमिनीखालून नेता येत नाहीत, खर्च परवडणार नाही, आणि जगाला दिलेला शब्द मोडेल, असं म्हणणं मांडलं.

२१ मार्च २०२४ चा निकाल मी दोनदा वाचला. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने सरसकट तारा गाडण्याचा आदेश मागे घेतला आणि प्रश्न तज्ज्ञ समितीकडे सोपवला. त्याच निकालपत्रात देशाच्या इतिहासात पहिल्यांदा म्हटलं गेलं, की हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा नागरिकांना हक्क आहे, घटनेच्या १४ आणि २१ व्या कलमांखाली. इतका मोठा हक्क जन्माला आला तो माळढोकाच्या खटल्यात, माळढोकाच्या मागणीला मुरड घालताना. मी कायद्याचा माणूस नाही, आणि निकाल चुकीचा होता असंही मी म्हणणार नाही. सोलापूरचा उन्हाळा ज्याने काढलाय त्याला तापमानाचं कुणी शिकवायला नको. पण 'तिथे काय आहे, नुसतं वाळवंट' असं वाक्य मी या वादात इतक्या वेळा ऐकलं, की मला प्रत्येक वेळी मोजणीदाराची साखळी खणखणल्याचा भास होतो.

जैसलमेरजवळ समला २०१९ पासून पैदास केंद्र चालू आहे. माळावरची अंडी गोळा करून, उबवून, पन्नासच्या वर पक्षी तिथे वाढलेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लू जन्मलं. माणसं जीव तोडून काम करतायत. ती पिल्लं मोठी झाली की सोडायची कुठल्या माळावर, हा प्रश्न मात्र केंद्राच्या कुंपणाबाहेरचा आहे.

गेल्या वर्षी मी मामाला घेऊन नान्नजला गेलो. तो आता सत्तरीत आहे. त्याच्या वस्तीपासून तासाभराचा रस्ता, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिथे आला. त्याच्या डोक्यात वेगळाच विषय चालू होता. सौर कृषी वाहिनी योजनेत त्याच्या गावच्या माळाला हेक्टरी सव्वा लाख रुपये वार्षिक भाडं मिळतंय, त्याच्या पोटखराब्याचीही चौकशी आलीय. वर दिवसा वीज मिळणार. पन्नास वर्षं रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन मोटर चालू करायला गेलेला माणूस आहे तो, पायाखाली किती वेळा नाग आलाय याची गणती नाही. मी काय बोलणार?

पहाटे मनोऱ्यावर बसलो. काळवीट दिसले, लांब एक लांडगा गेला. माळढोक नाही. खाली उतरताना मामाने विचारलं, "केवढा असतो रं ह्यो?" मी कमरेच्या वर हात धरला. म्हटलं, मान लांब, डोक्यावर काळी टोपी, आणि नर घुमतो तेव्हा घागरीत तोंड घालून बोलल्यासारखा आवाज येतो.

मामा थांबला. म्हणाला, "घागरीत?" मग बराच वेळ काही बोलला नाही. गाडीत बसल्यावर सांगितलं, की बारका असताना, मिरगाचा पाऊस झाला की त्यांच्या माळावरून तो आवाज यायचा. आजोबांनी एकदा खांद्यावर बसवून दाखवलाही होता. त्याचं नाव कुणी सांगितलं नव्हतं.

"म्हंजे आपल्याच रानात हुता की," तो म्हणाला. "त्या खराब्यात."